पाड्यातून सायकल हातात धरून चाला

अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, ‘‘डोंगरातल्या सायकलिंगच्या आनंदावर लिहा ना, छान हलकंफुलकं.’’ मी म्हटलं, आनंद सायकल चालवणाऱ्यांना होतो. मी त्यांच्यासाठी पुस्तक करते, मला होतो तो वैताग. तो चालत असेल तर लिहिते. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

मुंबईच्या उपनगरांत आणि आसपासच्या डोंगरांत सायकलने जाण्यासारख्या कच्च्या वाटा कुठे आहेत, हे सांगणारं एक पुस्तक आहे. त्यावर ‘सु. कांबळे’ असं नाव छापलंय. ती मी, सुनंदा. विक्रोळीत वाढलेली, मुलुंडला राहणारी, शाळेत खेळाची बाई असताना सायकलचं वेड लागलेली आणि निवृत्त झाल्यावरही त्यातून न सुटलेली. पुस्तकाच्या शेवटी माझा फोन नंबर छापायची कल्पना अनिलभाईंची. अनिलभाई म्हणजे प्रकाशक. अंधेरीला कारखान्यांच्या वसाहतीत त्यांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, औषधांची खोकी आणि माझं पुस्तक एकाच मशीनवर निघतं. ‘‘बेन, वाचकाला आपलेपणा वाटला पाहिजे,’’ ते म्हणाले. वाचकांना फारच आपलेपणा वाटला.

‘‘कांबळे सर आहेत का?’’

‘‘बोला, मीच कांबळे.’’

‘‘नाही मॅडम, सरांशीच बोलायचं होतं. रस्त्याबद्दल होतं.’’

सुरुवातीला मी वाद घालायचे. आता सरळ सांगते, सर डोंगरात गेलेत, निरोप द्या. सर कधीच परत येत नाहीत, पण कुणाच्या ते लक्षात येत नाही.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. एखादी वाट पुस्तकात घ्यायची तर मी ती कोरड्या दिवसांत चालवते, पावसात चालवते आणि मग उलट्या दिशेने चालवते. उलटी अशासाठी, की जाताना ठळक दिसणारा फाटा परतताना झाडीत गडप झालेला असतो. मग लिहायला बसायचं. खुणा अशा घ्यायच्या ज्या जागच्या हलणार नाहीत. मुंबईत राहून हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतं. भांडुपच्या बाजूच्या एका वाटेत मी लिहिलं होतं, ‘तबेला उजवीकडे ठेवून पुढे जा.’ एका वाचकाचा फोन आला. ‘‘मॅडम, तबेला नाहीये. इथे एसी ऑफिस आहे, एक मुलगी मला कॉफी देतेय आणि सॅम्पल फ्लॅट बघा म्हणतेय. आता उजवीकडे काय ठेवू?’’

पुस्तक वापरायचं कसं, हे मी पहिल्याच पानावर लिहिलंय. पहिलं पान कुणी वाचत नाही, म्हणून इथे पुन्हा सांगते. आख्खी वाट घरी बसून वाचा. सायकलवर बसल्यावर, एक पाय पेडलवर ठेवून, वारा पानं उलटवत असताना नको. ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘अवघड’ हे शब्द माझ्या मांड्यांच्या हिशेबाने लिहिलेत, तुमच्या नव्हे. त्यामुळे आधी घराजवळची एखादी सोपी वाट चालवून बघा. ती सोपी वाटली तर माझ्या ‘मध्यम’वर विश्वास ठेवा. नाही वाटली, तर माझ्या प्रत्येक शब्दाला एक पायरी चढवून वाचा. महिना बघा, मार्चमध्ये पायाचा अंगठा भिजवणारा ओहोळ जुलैत माणूस घेऊन जातो. पोचायचं कुठे हे वाचण्याआधी मागे कुठून फिरायचं ते वाचा. आणि प्रत्येक वाटेच्या खाली बारीक टायपात एक ओळ असते, ती सगळ्यात आधी वाचा. मी सगळ्यात जास्त वेळ त्या ओळीवर घालवते.

लोक फोटो बघतात.

या सगळ्या वाचकांत निमकरांचं नाव वेगळंच. अंधेरीच्या एका मोठ्या ऑफिसात मॅनेजर. दर रविवारी पुस्तकातली एक वाट करायची आणि दुपारी मला फोन लावायचा, हा त्यांचा नेम. पुस्तक वाचणारा माणूस मिळाला म्हणून आनंद मानावा, तर ते वाचत नव्हते, तपासत होते.

‘‘मॅडम, तुम्ही लिहिलंय हा चढ दमवतो. मी दमलो नाही.’’

‘‘छान झालं.’’

‘‘नाही, पण मग ‘दमवतो’ हे चूक नाही का? आणि पुढे ‘थोड्या अंतरावर देऊळ दिसेल’ म्हटलंय. थोडं म्हणजे किती?’’

‘‘देऊळ दिसेपर्यंत.’’

असं दर आठवड्याला. माझी बहीण माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा म्हणाली, ‘‘अगं, हा तुझ्यावर लाइन मारतोय का?’’ मी म्हटलं, लाइन मारणारा माणूस एकदा तरी बरं बोलतो.

निमकरांना पुस्तकातली एकच वाट पूर्णपणे मान्य होती. मी तिला ‘कातळाची वाट’ म्हणते. ती कुठे आहे ते इथे सांगणार नाही, कारण सांगितलं की येत्या रविवारी तुम्ही तिथे असाल. मुलुंडच्या बाजूने जाता येतं, जंगलखात्याच्या कुंपणाच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. चढ लांबलचक, पण सावलीतला. वर गेलं की उघडा काळा कातळ, टायरला असा धरून ठेवतो की ब्रेक विसरावेत. तिथून खाली लाल मातीचा उतार, वळणावर वळणं, आणि शेवटी वारल्यांचा एक पाडा. त्या उतारावर मी साठीला टेकलेली बाई तोंडाने ‘हूऽऽ’ असा आवाज काढते, आणि तो कुणी ऐकला नाही याची खात्री करून घेते. अनिलभाई सांगायचे, लोक दुकानात येऊन पुस्तक उघडतात ते थेट याच पानावर. त्या पानावर मी लिहिलं होतं: ‘हातपंपापासून डावीकडे वळा. पुढे पत्र्याचा गोठा, मग चिंच.’ आणि खाली बारीक टायपात: ‘पाड्यातून सायकल हातात धरून चाला.’

थंडीतला रविवार होता. निमकरांचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला.

‘‘मॅडम, कातळाच्या खालच्या वळणावर म्हातारी बाई आहे, असं पुस्तकात नाहीये.’’

मी तोंड उघडलं होतं. चांगलं सुनावणार होते, की म्हाताऱ्या माणसांच्या खुणा मी देत नाही, त्या हलतात. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. दातावर दात आपटत होते.

‘‘निमकर, काय झालंय?’’

‘‘आमच्या ऑफिसातला एक मुलगा. वेगात होता. ती मोळी घेऊन येत होती. ती पडलीय मॅडम, उठता येत नाहीये तिला. कमरेला हात लावू देत नाही. सारखी ओरडतेय.’’

‘‘तिला उचलू नका. कुणी बसवायलाही जाऊ नका. पाडा खाली आहे, एकाला पळत पाठवा. खाट आणायला सांगा, आणि चार माणसं. खाटेवर सरळ सरकवायचं, कंबर वाकू द्यायची नाही. रिक्षात बसवू नका. डांबरी रस्त्यापर्यंत खाटेनेच आणा, तिथे अँब्युलन्स मी पाठवते.’’

‘‘हो.’’ मग जरा थांबून, ‘‘हे पुस्तकात हवं होतं.’’

अशा वेळीही! मी फोन ठेवला आणि अँब्युलन्सचा नंबर लावला.

मुलुंडच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा बाकावर निमकर बसले होते. ते सायकलचे तंग कपडे, गुडघ्यापर्यंत लाल माती, आणि मांडीवर त्या म्हातारीचा कोयता, फडक्यात गुंडाळलेला. कुणीतरी धरायला दिला असावा, मग कुठे ठेवावा ते त्यांना कळलं नसावं. खाटेचा एक कोपरा शेवटपर्यंत त्यांच्याच खांद्यावर होता, हे मला नंतर कळलं. वेगात आलेला तो मुलगा भिंतीला टेकून उभा होता. सव्वीस-सत्ताविसाचा असेल. रडून डोळे सुजले होते.

म्हातारीचं नाव सखूबाई. तिची सून देवकी मुलुंडच्या टॉवरांमध्ये स्वयंपाकाची कामं करते. रविवारीही करते. कुणाच्यातरी ओट्यावरून तशीच आली होती, हाताला कणीक लागलेली. डॉक्टरांशी बोलून आली आणि त्या मुलापुढे उभी राहिली.

‘‘वाट आमची आहे. तू एवढ्या जोरात कशाला आलास?’’

मुलगा गडबडला. बॅगेतून पुस्तक काढून त्याने पुढे केलं. ‘‘ताई, पुस्तकात आहे. हा ट्रेल आहे.’’

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. देवकीने पुस्तक घेतलं आणि ते पान उभ्याउभ्याच वाचलं, सावकाश. मग विचारलं, ‘‘कुणी लिहिलंय?’’

‘‘मी,’’ मी म्हटलं.

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘‘यात आमचा हातपंप आहे. आमचा गोठा आहे. चिंच आहे. माणसं कुठं आहेत?’’

‘‘खाली लिहिलंय ना,’’ मी म्हटलं, आणि मला माझा आवाज निमकरांसारखा ऐकू आला. ‘‘शेवटची ओळ बघा. सायकल हातात धरून चाला.’’

तिने ती ओळ शोधली. पुस्तक डोळ्यांजवळ न्यावं लागलं तिला.

‘‘का धरायची, ते लिहिलं नाहीस,’’ ती म्हणाली आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

सखूबाईचं कमरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. त्या मुलाच्या घरचे आले, निमकर रोज येत राहिले, जे करायचं ते सगळ्यांनी केलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी अंधेरी गाठली आणि अनिलभाईंना सांगितलं, कातळाची वाट काढायची. नव्या आवृत्तीत नको.

‘‘बेन, तुम्ही काय बोलता?’’ ते खुर्चीतून उठलेच. ‘‘लोक त्या वाटेसाठी तर पुस्तक घेतात. बाकी सगळ्या वाटा म्हणजे वरणभात. हे एक पान म्हणजे आंबरस. आंबरस काढून थाळी विकू?’’

‘‘विका नाहीतर नका विकू. ते पान असेल तर माझं नाव नसेल.’’

आम्ही खूप भांडलो. त्यांचे मशीनवाले दारात येऊन ऐकायला लागले. शेवटी पान निघालं. घरी येताना मला फार बरं वाटत होतं. आपण काहीतरी ठाम केलं, असं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

झालं असं, की पुस्तकातून काढली म्हटल्यावर त्या वाटेला भलताच भाव आला. जुन्या पानाचा फोटो सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फिरायला लागला. फोटो काढणाऱ्याने तो नीट कापला होता, म्हणजे खालची बारीक ओळ वगळून. मग व्हिडिओ आले. हेल्मेटवर कॅमेरा, वर धडधड संगीत आणि नाव ‘सीक्रेट ट्रेल’. त्या व्हिडिओत हातपंप एका क्षणात मागे जातो आणि कोंबड्या उडतात. खाली लोक लिहितात, झकास भावा, लोकेशन टाक. भावा लगेच टाकतो.

मला राहवेना. मी रविवारी सकाळी वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहायला लागले. येणाऱ्याला थांबवायचं आणि समजावायचं. काही भले लोक ऐकायचे, ‘सॉरी मॅम’ म्हणून वळायचे आणि पुढच्या फाट्याने शिरायचे, मला दिसायचं. एकाने तर मलाच विचारलं, ‘‘काकू, पण तुम्ही कोण?’’

‘‘ही वाट पुस्तकात लिहिली ती मी.’’

‘‘आणि आता नाहीये ना पुस्तकात?’’

‘‘नाही. मीच काढली.’’

‘‘मग संपलं ना. आता तुमचा काय संबंध?’’ आणि गेला.

अशाच एका रविवारी देवकी कामाला निघाली होती. मला बघून थांबली.

‘‘इथं काय करतेस बाय?’’

‘‘लोकांना अडवते.’’

‘‘थांबतात?’’

‘‘नाही.’’

‘‘मग घरी जा. ऊन लागेल.’’ दोन पावलं गेली आणि परत आली. आता तीही वैतागलेली दिसत होती. ‘‘तू पुस्तकातनं काढलंस म्हणे.’’

‘‘तुमच्यासाठीच काढलं.’’

‘‘मला विचारलंस?’’

मी नकारार्थी मान हलवली.

‘‘पुस्तकात होतं तेव्हा दोन-चार शहाणे तरी उतरायचे. तुझी ती मुंगीएवढी ओळ वाचून. आता कुणीच उतरत नाही. काढून तू मोकळी झालीस. वाट तर तिथंच आहे, आम्ही पण तिथंच आहोत.’’

‘‘मग काय करू, सांगा.’’

‘‘परत घाल. पण तुझ्या मनाने नको. मी सांगते तसं घाल.’’

पुढच्या आठवड्यात मी पाड्यावर गेले. देवकीच्या ओट्यावर बसलो. सखूबाई खाटेवर, काठी बाजूला. शेजारपाजारचे येऊन उभे राहिले. त्यांचं आधीच ठरलं होतं, वरच्या वळणावर आडवा बांबू बांधायचा. माणूस वाकून जाईल, शेळी खालून जाईल, सायकलवाल्याला उतरावंच लागेल. लिहायचं काय, यावर मात्र वाद झाला. मला सवय आटोपशीर लिहायची. कमी शब्द, चटकन कळेल असं. देवकी सांगायची, मी लिहायचे, मग वाचून दाखवायचे, आणि ती म्हणायची, ‘‘हे छोटं झालं. मी एवढंच बोलले का?’’

‘‘देवकीताई, लांब लिहिलं तर लोक वाचत नाहीत.’’

‘‘छोटं लिहिलंस तेव्हा वाचलं?’’

शेवटी जे झालं ते असं, आणि यातला एकही शब्द मी नंतर बदलला नाही:

‘ही पाड्याची वाट आहे. सकाळी इथून मुलं शाळेत जातात. बाया डोक्यावर मोळी घेऊन येतात. डोक्यावर मोळी असली की मान वळवून मागे बघता येत नाही. तुम्ही घंटी वाजवलीत तर बाई बाजूला होत नाही, दचकते. सखूबाई अशीच दचकून पडली. तिच्या कमरेचं हाड मोडलं. आता ती लाकडाला जात नाही. उतार छान आहे, आम्हालाही माहीत आहे, आमची मुलं टायर सोडतात त्याच्यावरून. पण बांबू दिसला की उतरा. पाणी पाहिजे तर मागा.’

‘‘पाण्याचं कशाला?’’ मी विचारलं.

‘‘तहान लागणारच की,’’ खाटेवरून सखूबाई म्हणाली. मला मूर्ख समजल्यासारखं.

छापायच्या आधी मी ते निमकरांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांचा हक्क होता असं वाटलं. मी माझ्याकडून शेवटी एक वाक्य जोडलं होतं: ‘सायकलवाल्यांनीच तिला खाटेवरून रस्त्यापर्यंत आणलं.’ निमकरांनी सगळं ऐकून घेतलं. अंतरं दिलेली नाहीत, अशी तक्रार केली. ती अपेक्षितच होती. मग म्हणाले, ‘‘ते शेवटचं वाक्य काढा.’’

‘‘का? खरं आहे ते. तुमचा खांदा सोलला होता.’’

‘‘खरं असेल. पण वाचणाऱ्याला वाटेल, शेवट चांगला झाला.’’

मी वाक्य खोडलं. इतक्या वर्षांत त्यांची मी मान्य केलेली ती पहिली दुरुस्ती. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण पुढची तक्रार न करताच त्यांनी फोन ठेवला.

अनिलभाईंनी प्रूफ वाचलं, चष्मा काढला आणि पुन्हा घातला. ‘‘लांब आहे,’’ म्हणाले.

‘‘आहे.’’

‘‘ह्यात वळणं किती, चढ किती, काहीच नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘फोटो?’’

‘‘नको.’’

त्यांनी फोटो काढून टाकला आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत तो मजकूर मोठ्या टायपात बसवला, लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं असतात तेवढ्या. मी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे सगळं सुधारलं, असं समजू नका. व्हिडिओ आजही येतात. कुणीतरी दोनदा बांबू कापला, पाड्यातल्यांनी दोनदा बांधला. फोनही येतात, परवाच एकाने सरांना विचारायला सांगितलं, की त्या कातळाच्या वाटेत एवढं ललित लेखन कशाला, मुद्द्याचं लिहा. काही लोक उतरतात, काही वाकून सायकलसकट खालून जायचा प्रयत्न करतात आणि हेल्मेट आपटून घेतात. त्यांचं मला वाईट वाटत नाही.

मागच्या महिन्यात मी पाड्यावर गेले होते. सखूबाई आता काठी घेऊन बांबूपर्यंत येते आणि तिथल्या दगडावर बसून राहते. लाकडाला जाता येत नाही तर निदान वाटेवर तरी बसते, असं देवकी सांगत होती. मी तिच्याशेजारी टेकले. तेवढ्यात वरून एक तरुण आला, करकचून ब्रेक लावून बांबूपाशी थांबला, पण सीटवरून हलेना. त्याने खिशातून फोन काढून आम्हाला दाखवला. त्यावर माझ्या जुन्या पानाचा तो कापलेला फोटो.

‘‘आजी, यात बांबू-बिंबू काही नाहीये. इथून सरळ जायचंय.’’

मी उठणार होते. सखूबाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि फोन मागून घेतला. तिला अक्षर वाचता येत नाही. तिने तो लांब धरला, मग जवळ आणला, डोळे बारीक केले, उलटा करून मागची बाजूही बघितली आणि परत दिला.

‘‘जुनं आहे हे,’’ ती म्हणाली. ‘‘नवं घे.’’

तो उतरला.